ट्रेबलच्या नॉबला सील

निरीक्षकाचा स्वतःच्या सावलीवरही पुरता विश्वास नाही, असं त्याची बायको चारचौघांत सांगायची, आणि ती काही फार वाढवून सांगत नव्हती. वजनमापं तपासायच्या खात्यात त्याची हयात गेली होती. दुकानात शिरला की तो आधी काट्याकडे बघायचा, मग दुकानदाराच्या हातांकडे आणि सगळ्यात शेवटी तोंडाकडे. तोंडावर त्याचा सगळ्यात कमी भरवसा. त्याची प्रमाण वजनं एका लाकडी पेटीत मखमलीच्या खळग्यांत बसवलेली असत, आणि ती तो कधी नुसत्या हाताने उचलत नसे, कारण बोटांचा घामसुद्धा वजनात भर घालतो. घरी किलोभर साखर आणली तरी पिशवीचं वजन वजा केल्याशिवाय ती डब्यात पडत नसे. बायको शाळेत शिकवायची. लग्नाआधी हे सगळं आपल्याला कुणी का सांगितलं नाही, हा प्रश्न ती अजून अधूनमधून भावाला विचारायची.

आठवड्याचे सहा दिवस असे संशयात गेले की रविवारी दुपारी निरीक्षक बेस गिटार वाजवायचा. एका मोठ्या हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये त्यांचा पाच जणांचा बँड बारा ते चार वाजवत असे. बँड मास्तरांचा. मास्तर कीबोर्डवर बसत, त्यांची बहीण गात असे, ड्रमवाला ड्रमवर आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला आवाजाच्या मिक्सरमागे बोळा. बोळ्याचं खरं नाव हॉटेलच्या गेटवरच्या वहीतही नव्हतं, तिथेही बोळाच लिहिलं जाई, कारण गेली वीस वर्षं तो दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून आवाज सांभाळत आला होता. ज्या माणसाने ऐकायचं त्यानेच कान बंद करून बसायचं, यावर निरीक्षकाने वीस वर्षांत निदान हजार वेळा विनोद केला असेल. बोळा दर वेळी हसायचा. निरीक्षक मात्र त्या हसण्याचीही मनात नोंद करून ठेवायचा.

बेस त्याने निवडला तोही स्वभावाला धरूनच. बेस वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही, त्यामुळे त्याला सगळ्यांकडे बघता येतं. ड्रमवाल्याच्या उजव्या हाताला, मोठ्या झांजेपासून हातभर अंतरावर त्याची जागा होती. तिथून अख्खा हॉल दिसायचा, मास्तरांची पाठ दिसायची आणि बोळ्याची बोटंही दिसायची. एवढी मोक्याची जागा त्याने बावीस वर्षांत एकदाही सोडली नव्हती. डाव्या कानाशी ती झांज दर रविवारी आदळते, याचा विचार करायचं त्याला कधी सुचलं नाही.

त्या वर्षी मात्र गोष्टी बिघडायला लागल्या. म्हणजे निरीक्षकाच्या मते लोक बिघडायला लागले. बायको हळू बोलू लागली होती. वर्गात ओरडून तिचा घसा गेलाय, असं त्याने ठरवून टाकलं. स्वयंपाकघरातलं टायमर वाजेनासं झालं. त्याने सेल बदलले, तरी वाजेना, म्हणून फेकून दिलं. बायकोने ते मुकाट्याने उचलून परत ओट्यावर ठेवलं, याचाही त्याला संशय आला. ऑफिसात तो आला की लोक कुजबुजू लागत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रविवारी त्याला स्वतःचा बेस नीट ऐकू येईना. सूर कळायचे, पण तारेवर बोट पडल्यावर जी टोकदार कड यायची ती गेली होती. गादीखाली कुणी ढोल बडवावा तसं काहीतरी यायचं.

नव्या तारा लावल्या, केबल बदलली, तरी फरक पडला नाही. आता राहिला एकच माणूस. त्याचा आवाज त्याच्या अँपमधून, म्हणजे पाठीमागच्या स्पीकरच्या खोक्यातून एकदा आणि बोळ्याच्या मिक्सरमधून हॉलभर दुसऱ्यांदा जायचा, आणि मिक्सरवर बोटं कुणाची होती ते जगजाहीर होतं.

त्यात एका शनिवारी तालमीच्या खोलीचा जिना चढताना त्याने पाहिलं की मास्तर आणि ड्रमवाला दारात डोकी जवळ करून बोलताहेत. तो दिसताच दोघं गप्प झाले. पुढच्याच आठवड्यात मास्तर चहाच्या टपरीवर एका दुसऱ्या बेसवाल्याबरोबर दिसले. कुठेतरी पाणी मुरत होतं. आपल्याला काढायचंय, पण तोंडावर सांगायची छाती नाही, म्हणून आधी आपला आवाज मारायचा आणि मग म्हणायचं की बेस ऐकू येत नाही, असा हा डाव आहे, हे निरीक्षकाने दोन स्टॉपच्या अंतरात बसमध्ये बसल्या बसल्या नक्की करून टाकलं. नोकरीची आता दोनच वर्षं उरली होती. त्यानंतर त्याच्याकडे हा रविवारच राहणार होता. तो गेला तर आपण घरात बसून साखर मोजणार, हे त्याला इतकं स्पष्ट दिसलं की तो एक स्टॉप आधीच उतरला आणि चालत घरी गेला.

त्यावर त्याने उपाय शोधला तो प्रीअँप पेडलचा. पायाशी ठेवायची एक छोटी लोखंडी डबी; गिटारची केबल तिच्यात जाते, आवाज तिथेच घडतो आणि मग पुढे अँपला आणि मिक्सरला जातो. म्हणजे आवाजाचं घडणं बिघडणं बोळ्याच्या बोटांखालून निघून आपल्या पायाशी येणार. निरीक्षकाने महिनाभर माहिती वाचली. जो लेख एखाद्या पेडलची फार स्तुती करी तो त्याने बाद केला. जो फार निंदा करी तोही बाद केला.

वाद्यांच्या दुकानात तो बायकोला घेऊन गेला. बरोबर स्वतःची गिटार, स्वतःची केबल आणि एक लांब रुमाल. दुकानदाराने त्याची ठेवणीतली गिटार पुढे केली, ती निरीक्षकाने हातानेच बाजूला सारली. दुकानातल्या गिटारीवर सगळंच गोड वाजतं, हे न कळण्याइतका तो दूधखुळा नव्हता. मग त्याने तीन पेडलं काउंटरवर ओळीत मांडायला लावली आणि तिघांचा आवाज सारखा मोठा करून घेतला, कारण जे जरा मोठं वाजतं तेच माणसाला चांगलं वाटतं, ही या धंद्यातली सगळ्यात जुनी हातचलाखी. मग त्याने डोळ्यांवर रुमाल बांधला आणि बायकोला सांगितलं की आता तू मला न सांगता केबल बदलत जा. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं सतार बघायची सोडून हे बघत उभी राहिली.

पहिलं पेडल उबदार होतं, त्याला गुळमट वाटलं. दुसरं स्वच्छ होतं, त्याला मुकं वाटलं. तिसरं काळं, सहा नॉबचं. त्याचा ट्रेबल, म्हणजे वरच्या बारीक आवाजाचा नॉब, वर नेत नेत तो घड्याळातल्या चारच्या जागी पोचला आणि अचानक त्याला ती हरवलेली कड सापडली. निरीक्षकाचा चेहरा रुमालाखाली उजळला.

दुकानदार चाचरत म्हणाला की ट्रेबल जरा कमी करून बघता का, बोटं तारेवर घासल्याचं फार येतंय. बायको म्हणाली, "अहो, कर्कश लागतंय. दातात कळ जाते."

निरीक्षकाने रुमाल सोडला आणि दोघांकडे पाळीपाळीने पाहिलं. दुकानदाराला पहिलं, महागडं पेडल खपवायचं होतं हे उघड होतं. पण बायको त्याला कधी सामील झाली? त्याने काळं पेडल बांधायला सांगितलं. घरी जाताना बायको काहीतरी बोलली, ते त्याला ऐकू आलं नाही, आणि पुन्हा विचारण्याइतका त्या दिवशी तिच्यावर विश्वास उरला नव्हता.

पेडलबरोबर आलेली माहितीपुस्तिका त्याने तीनदा वाचली. मिक्सरकडे जाणारी तार जिथे खोचायची त्याच्या शेजारी तांदळाएवढं एक बटण होतं. ते बाहेर असलं की नॉबांनी घडवलेला आवाज मिक्सरला जातो. आत दाबलं की मिक्सरला गिटारचा मूळ, कोरा आवाज जातो. नॉब कितीही फिरवा, फरक फक्त स्वतःच्या अँपमध्ये ऐकू येणार, हॉलमध्ये नाही. निरीक्षकाने बटण बाहेर आहे ना ते बघितलं आणि ते बाहेर असताना जिथवर येतं तिथे शेजारी पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन ठेवला.

पहिल्या रविवारी बेस असा वाजला की त्याचं त्यालाच भरून आलं. दोन गाण्यांनंतर मास्तरांनी मागे वळून पाहिलं. गाणाऱ्या बहिणीनेही पाहिलं. पलीकडे हॉटेलचा मॅनेजर बोळ्याच्या कानाशी लागला होता आणि बोळ्याने त्यासाठी चक्क एक बोळा काढला होता. जळताहेत, निरीक्षकाला वाटलं, आणि त्याने ट्रेबल आणखी कणभर वाढवला.

दुसऱ्या रविवारी मात्र कुणी वळून पाहिलं नाही. मास्तर खुशीत होते. बहीण मध्यंतरात येऊन म्हणाली की आज बेस फार छान लागला. मॅनेजरने सगळ्यांना चहा पाठवला. तिसऱ्या रविवारीही तेच. बोळ्याने त्याचा अँप त्याच्याकडेच तोंड करून, अगदी जवळ आणून ठेवायला सुरुवात केली होती. म्हणे तुम्हाला तुमचं नीट ऐकू यावं. एवढी काळजी? आणि ड्रमवाल्यानेही कानांत कापूस घातला होता, फक्त एका कानात, अँपच्या बाजूच्या. दुसरा कुणी असता तर या कौतुकाने हुरळून गेला असता. पण आयुष्यभर त्याचा अनुभव असा की दुकानदार जेव्हा खुर्ची पुसून देतो आणि सरबत मागवतो, तेव्हा काटा हमखास खोटा असतो. निरीक्षकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती थांबेचना.

त्याच दिवसांत खिळेवाल्याचं प्रकरण झालं. बाजारामागच्या गल्लीत खिळे, स्क्रू, कडीकोयंडे वजनावर विकणारं एक जुनं दुकान होतं. खिळेवाल्याने नवा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला होता. वजन स्थिरावलं की त्यातून बारीक शिटी वाजते, असं बनवणाऱ्याच्या कागदावर छापलं होतं. निरीक्षकाने एक एक करून सगळी वजनं ठेवली. आकडे ग्रॅमला ग्रॅम बरोबर आले. शिटी मात्र एकदाही वाजली नाही. त्याने शेरा लिहिला, सूचक आवाज बंद, आणि काट्याला नापास झाल्याची लाल चिठ्ठी बांधली. खिळेवाला तोंड उघडून त्याच्याकडे बघतच राहिला.

"साहेब, वाजतंय की," तो शेवटी म्हणाला.

असं म्हणणारे निरीक्षकाने शेकड्यांनी पाहिले होते. वाजतंय म्हणतात, मोजतंय म्हणतात, तुम्हीच चुकीचं बघताय म्हणतात. पेटी बंद करून तो चालू लागला. खिळेवाला त्या दिवसापासून शेजाऱ्याचा जुना हातकाटा उसना आणून धंदा करत होता, हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याचं त्याला काहीच वाटलं नव्हतं.

चौथ्या रविवारी सकाळी निरीक्षकाने पेडलच्या त्या तांदळाएवढ्या बटणावर सिगारेटच्या कागदाची केसाएवढी पट्टी चिकटवली. खात्यातली ही जुनी युक्ती. हात लागला की पट्टी तुटते आणि तोडणाऱ्याला पत्ताही लागत नाही. दुपारी चारला कार्यक्रम संपला, बोळ्याने नेहमीप्रमाणे येऊन तार काढली, गुंडाळली आणि गेला. निरीक्षकाने पेडल उचलून खिडकीशी नेलं. बटण बाहेरच होतं, ठिपक्याशी जुळत होतं. पट्टी मात्र तुटली होती.

तळपायाची आग मस्तकात गेली, पण तो बोलला नाही. मुद्देमाल हाती लागला की चोराला रंगेहाथ पकडेपर्यंत तोंड शिवून ठेवायचं असतं. पाचव्या रविवारी पेडल जागेवर मांडून तो बाहेर गेला, मागच्या दाराने परत आला आणि खांबाआड एका टेबलावर वर्तमानपत्र उघडून बसला. बोळा तार घेऊन मंचावर आला. वाकला. तार खोचली. मग इकडेतिकडे पाहून त्याने अंगठ्याच्या नखाने ते बटण हलकेच आत दाबलं आणि गुडघे झाडत उठला.

तिसऱ्या गाण्यात निरीक्षकाने शेवटची तपासणी केली. वाजवता वाजवता खाली वाकून त्याने पेडलचा लेव्हल नावाचा नॉब शून्यावर आणला. पाठीमागचा अँप मुका झाला. त्याला स्वतःचा बेस आता ऐकू येत नव्हता. तरीही त्याची बोटं पडतील तशी लाकडी मंचातून बुटांच्या तळव्याला धडधड येत होती. समोरच्या टेबलावरची एक बाई जेवता जेवता नेमक्या त्याच्या ठोक्यावर चमचा हलवत होती. अख्खा हॉल त्याचा बेस ऐकत होता, आणि त्या बेसमध्ये त्याने इतक्या कष्टाने निवडलेल्या पेडलचा लवलेश नव्हता. महिनाभर तो पायाशी नॉब फिरवत बसला होता आणि ते सगळं त्याचं त्यालाच ऐकू येत होतं. इतकं एकटं त्याला कधी वाटलं नव्हतं.

चार वाजता हॉटेलच्या मागच्या बोळात, धुवायच्या टेबलक्लॉथच्या ढिगाशी, त्याने बोळ्याला गाठलं. पट्टी, ठिपका, खांब, अंगठ्याचं नख, सगळं त्याने पंचनामा वाचावा तसं वाचून दाखवलं. बोळ्याने नाकारलं नाही. त्याने दोन्ही कानांतले बोळे काढले आणि खिशात ठेवले.

"साहेब, पहिल्या रविवारी मॅनेजर आला होता. म्हणाला, लोक विचारतायत की पत्र्यावर काय टकटक वाजतंय. मास्तरांनी त्या दिवशीच दुसरा माणूस ठरवला होता. मी म्हटलं, मला एक रविवार द्या."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझेच कान तपासायला निघाला असता."

मग तो हळू आवाजात, म्हणजे निरीक्षकाला तरी हळूच वाटला, आणखी म्हणाला, "बोटांना काही झालेलं नाही तुमच्या. बोटं पहिल्यासारखीच आहेत. म्हणून तर कोरा आवाज पाठवतो. पण वरचे बारीक आवाज तुम्हाला ऐकू येत नाहीत साहेब. वर्ष झालं असेल. झांजेच्या बाजूचा कान बघून घ्या."

बोळा सगळे कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवायचा. पहिल्या रविवारचा तुकडा त्याने हेडफोनवर लावून दिला. निरीक्षकाने डोळे मिटून ऐकला. छान वाजत होता. त्याला जशी हवी तशीच कड होती. हेडफोन काढून त्याने तो बोळ्याच्या हातात परत दिला. कान गेलेत म्हणे. आरोपीनेच आणलेल्या काट्यावर आरोपीचा माल तोलणारा निरीक्षक अजून जन्माला यायचा होता. त्याने पेडल पिशवीत घातलं आणि मास्तरांचा निरोप न घेताच तो निघाला.

घरी तो सरळ स्वयंपाकघरात गेला. टायमर ओट्यावरच होतं. बायकोने ते लावलं होतं आणि भांड्यावर पाठमोरी उभी होती. थोड्या वेळाने ती एकदम वळली आणि तिने गॅस बंद केला. निरीक्षक टायमरपासून दोन पावलांवर होता.

"ते वाजलं?" त्याने विचारलं.

तिने मानेनेच हो म्हटलं.  पण तीही त्या दुकानात कर्कश म्हणाली होती, तीही त्यांच्यातलीच असेल, असं म्हणत त्याने ती रात्र कशीबशी रेटली. असा हा माणूस घरच्या टायमरलाही पुरावा मानायला तयार नव्हता.

आता असा काटा हवा होता ज्याला कुणी हात लावलेला नाही. आणि तसा एक होता. लाल चिठ्ठी बांधलेला, त्याच्याच सहीचा.

सोमवारी सकाळी तो खिळेवाल्याच्या दुकानात गेला तेव्हा चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांत एक सुतार आणि पडद्याच्या कड्या घ्यायला आलेली एक म्हातारी. खिळेवाल्याने उसना हातकाटा घाईने खाली ठेवला. त्याला वाटलं, आता हाही नापास होतो. निरीक्षकाने लाल चिठ्ठीचा काटा फडताळातून काढायला सांगितला, पेटी उघडली आणि सगळ्यांना म्हणाला, "मी वजन ठेवतो. शिटी वाजली की हात वर करा. बोलायचं नाही."

गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे पाहिलं, पण सरकारी माणूस म्हणतोय म्हटल्यावर उभी राहिली. त्याने पाचशे ग्रॅमचं वजन ठेवलं. आकडा थरथरला, थांबला. पाचही हात वर गेले. त्याने वजन उचललं, परत ठेवलं. पाच हात. मग त्याने त्यांना काट्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करायला लावलं. आता आकडा फक्त त्याला दिसत होता. किलोचं ठेवलं, हात वर गेले. काहीच न ठेवता नुसता हात काट्यावर फिरवला. एकही हात हलला नाही. दोनशेचं ठेवलं, पाचही हात एकदम वर गेले.  निरीक्षक डावा कान काट्याला जवळजवळ टेकवून वाकला होता आणि त्याला गल्लीतल्या हातगाडीची खडखड तेवढी ऐकू येत होती.

शेवटी म्हातारीच्या हाताला रग लागली. भिंतीकडे तोंड ठेवूनच ती म्हणाली, "अरे बाबा, केव्हाचं वाजतंय ते. तुला येत नाही का ऐकू?"

निरीक्षकाने वजनं एक एक करून मखमलीत ठेवली. त्याला फार वेळ लागला. मग त्याने लाल चिठ्ठी सोडली, काटा पास केल्याचा कागद लिहिला आणि शेऱ्याच्या जागी पहिल्यांदाच स्वतःची चूक लिहिली: सूचक आवाज चालू, आधीच्या तपासणीत दोष निरीक्षकाचा. कागद देताना त्याने खिळेवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं, हातांकडे नाही, आणि माफी मागितली. खिळेवाला इतका कानकोंडा झाला की त्याने त्याला मूठभर स्क्रू देऊ केले. निरीक्षकाने ते अर्थातच घेतले नाहीत.

कानाच्या डॉक्टरांनी काढलेला आलेख त्याने आडवा, उभा, उजेडात धरून पाहिला. डाव्या कानाची रेघ मध्यापर्यंत सरळ चालत यायची आणि मग कड्यावरून पडावी तशी खाली जायची. उजव्याची जरा सावकाश पडत होती. ही पडलेली रेघ परत वर येत नाही, डॉक्टर म्हणाले. यंत्र लावा, झांजेपासून दूर उभे राहा, आणि कापूस नको, नीट मापाची बुचं घ्या. तो दुसऱ्या डॉक्टरकडे गेला. तिथेही रेघ त्याच जागी पडली. त्या संध्याकाळी त्याने बायकोला विचारलं की वर्षभरात तू जे बोललीस आणि मला ऐकू आलं नाही ते काय होतं. ती म्हणाली, आता सगळं कुठून आठवू. मग बराच वेळ तिने त्याचा हात हातात धरून ठेवला आणि त्याला खरंच रडू आलं.

शनिवारी तालमीला तो सगळ्यांच्या आधी पोचला. मास्तर आले तेव्हा त्याने आलेख त्यांच्या कीबोर्डवर ठेवला आणि सांगितलं की दुसरा माणूस घ्यायचा असेल तर आजच सांगा, दारात उभं राहून कुजबुजू नका, तसंही मला ऐकू येत नाही. मास्तरांनी कागद पाहिला, घडी घातली आणि परत केला. मग म्हणाले, उद्या बाराला.

बोळा आला, तसं निरीक्षकाने काळं पेडल त्याच्यापुढे ठेवलं.

"लाव," तो म्हणाला. "तुला हवा तसा."

बोळा जमिनीवर बसला. निरीक्षक वाजवत राहिला आणि बोळा एकेक नॉब फिरवत राहिला. ट्रेबल घड्याळातल्या चारावरून मागे दहाच्या जागी आला, निम्म्याच्याही खाली. निरीक्षकाच्या कानात परत ती गादी आली आणि गादीखालचा ढोल. त्याने ड्रमवाल्याकडे पाहिलं. ड्रमवाल्याने एका कानातला कापूस काढून खिशात घातला. हा पुरावा त्याला पटला.

मग त्याने पिशवीतून कागदाची पट्टी आणि डिंक काढला. सरकारी सील खाजगी कामाला वापरता येत नाही, म्हणून ही घरून आणली होती. सगळ्या नॉबांवरून पट्टी चिकटवून त्याने बोळ्यापुढे पेन धरलं आणि सही करायला सांगितली.

"सील कशाला साहेब? मी आता हात लावणार नाही."

"तुझ्यासाठी नाही," निरीक्षक म्हणाला. "मी लावीन."

बोळ्याने पट्टीवर सही केली, खरं नाव घालून. खाली निरीक्षकाने तारीख घातली आणि पुढच्या तपासणीची तारीख, सहा महिन्यांनंतरची.

रविवारी तो झांजेपासून चार पावलं दूर, मास्तरांच्या पलीकडे उभा राहिला. तिथून हॉल अर्धाच दिसत होता. तांदळाएवढं बटण बाहेर होतं, ठिपक्याशी जुळलेलं, आणि बोळ्याने नुसती तार खोचली. पहिली दोन गाणी बरी गेली. तिसऱ्यात त्याला राहवेना. सगळं मऊ, बोथट, दूर कुठेतरी वाजल्यासारखं लागत होतं. आपला आवाज असा असेल? कुणीतरी काहीतरी केलंय. गाण्यात त्याला चार मात्रा मोकळ्या होत्या, तेवढ्यात तो वाकला आणि त्याचा हात ट्रेबलपाशी गेला. बोटाला कागद लागला. त्याने हॉलच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. बोळ्याने मिक्सरमागून अंगठा वर केला.

त्या अंगठ्यावरही निरीक्षकाचा पुरता विश्वास बसला नाही. पण चार मात्रा संपत आल्या होत्या. त्याने हात मागे घेतला आणि तो वेळेवर तारांवर आला.